समुद्रापल्याडचा मुक्काम

(शताब्दी सोहळ्यात दशमीच्या रात्री, हरिपाठानंतर झालेलं भाषण)



बोलायला एकच जण उभा आहे, पण शब्द दोघांचे आहेत. काल रात्री चिमणीएवढ्या दिव्यात बसून आम्ही दोघांनी मिळून हे लिहून काढलं. एक लिहायचा आणि दुसरी म्हणायची, "हे असं नव्हतं झालं, खरं लिहा." म्हणून जे काय सांगू ते खरंच सांगू. दिंडीत आम्हाला मास्तर आणि मास्तरीणबाई म्हणतात. मास्तरीणबाईंनी शिकवायला म्हणून शाळेचा उंबरा कधी ओलांडला नाही, तरी नाव पडलं ते पडलं. आज तेच चालवून घेतो.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्यातल्या अडतीस वाऱ्या आम्ही चाललो. आणि २०२४ आणि २०२५ या दोन वाऱ्या आमच्या चुकल्या. का चुकल्या, ते सांगायला आज आम्हाला उभं केलंय.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही मॉरिशसला गेलो. तिथल्या मराठी मंडळींचं एक छोटं विठ्ठल-रुखमाईचं देऊळ आहे. त्यांना कुणीतरी वारकरी जोडपं हवं होतं. रोजचा काकडा, हरिपाठ, पोरांना मराठी आणि भजन शिकवायचं, दोन वर्षं राहायचं. खाणं आणि खोली त्यांची, बाकी सेवा. महाराजांनी आमचं नाव सुचवलं. मास्तर निवृत्त, पोरं आपापल्या संसाराला लागलेली, बैल कधीच विकलेले. नाही म्हणायला कारण सापडेना. एकच कारण होतं आणि ते बोलायची लाज वाटत होती. वारी चुकणार होती.

आता हा देश कुठे, ते आधी सांगतो. मुंबईहून विमानानं सहा-साडेसहा तास. आळंदीहून पंढरपूरला पोचायला आपल्याला अठरा-वीस दिवस लागतात. चारी बाजूंनी समुद्र, मधे डोंगर, आणि जिकडं बघावं तिकडं ऊस. पहिल्या दिवशी मास्तरीणबाई म्हणाल्या, "एवढा समुद्र ओलांडून शेवटी फलटणलाच आणलंत की हो."

पण त्या उसामागं मोठी कथा आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यात राबायला माणसं पाहिजेत म्हणून इंग्रजांनी आपल्या देशातून मजूर नेले. २ नोव्हेंबर १८३४ ला पहिली खेप उतरली, ती तारीख तिथं आज सरकारी सुट्टीची असते. पुढं पाऊणशे-ऐंशी वर्षांत पाच लाखांच्या जवळपास माणसं करारावर त्या बेटावर आली. बहुतेक बिहारकडची, काही तमिळ, तेलुगू, आणि काही मुंबई बंदरातून चढलेली आपली कोकणातली आणि घाटावरची. पोर्ट लुईस या राजधानीत ते धक्क्याचं ठिकाण जपून ठेवलंय, त्याला आप्रवासी घाट म्हणतात. सोळा दगडी पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेली माणसं त्या चढून वर आली. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा चपला काढून चढलो. पंढरपुरात महाद्वार घाट चढताना जसा ऊर भरतो तसंच झालं, पण इथं वर विठ्ठल नव्हता, वर कारकून बसलेला असायचा. तो नाव ऐकायचा, ऐकू येईल तसं लिहायचा. कुणाच्या पणज्याचं नुसतं नाव आज सबंध घराण्याचं आडनाव होऊन बसलंय. गाव कुठलं, वाडी कुठली, पुष्कळांना ठाऊक नाही.

आता आमचा आठवडा कसा जायचा ते सांगतो. रोजचा दिवस पहाटे साडेचारला सुरू. काकडा, मग पूजा, झाडलोट. संध्याकाळी हरिपाठ.

सोमवारी बाजार. तिथं ज्वारी मिळत नाही. नेलेलं पीठ पंधरा दिवसांत संपलं आणि भाकरीची आठवण काढायचं बंद केलं. पण शेवग्याचा पाला भरपूर, त्याची भाजी तिथं घरोघर होते. दालपुरी नावाचा एक प्रकार रस्त्यावर मिळतो. वाटलेली डाळ भरून केलेली पातळ पोळी, आपली पुरणपोळी गूळ घालायला विसरल्यासारखी. एकादशीला साबुदाण्याची चिंता होती. पण ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तो कंदच तिथं मन्योक नावानं बाजारात मिळतो. उकडून मीठ लावून खाल्ला, उपास साजरा झाला.

सोमवारी संध्याकाळीच गावाकडं फोन. आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा दीड तास पुढं असतं. आम्ही हरिपाठाला बसायच्या आधी इकडं तुमचा हरिपाठ सुरू झालेला असायचा. थोरले आप्पा फोन विण्याजवळ धरून ठेवायचे. बोलायचे काही नाहीत.

मंगळवारी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचो. पोरं-सुना कामाला गेलेल्या, म्हातारं माणूस एकटं. त्यांची बोली क्रेओल, फ्रेंचवरून झालेली. आम्हाला येईना, त्यांना मराठी येईना. "की मान्येर?" म्हणजे कसं काय, एवढं शिकलो. तिथं जेवणाला "मांझे" म्हणतात. पहिल्या दिवशी एक म्हातारी ताट पुढं करून "मांझे, मांझे" म्हणत होती. मास्तरीणबाईंना वाटलं ती "माझं, माझं" म्हणतेय. त्यांनी ताट परत सरकवलं. तिनं पुन्हा पुढं केलं. असं चार वेळा झालं, तेव्हा नात आली आणि हसून हसून लोळली.

त्याच म्हातारीनं एकदा विचारलं, "पंढरपूर दिसायला कसं आहे?" तिच्या आजीकडून तिनं नाव ऐकलेलं. तिला वाटायचं ते समुद्राकाठी असणार, कारण तिनं पाहिलेलं प्रत्येक गाव समुद्राच्या जवळच. मास्तरांनी चंद्रभागा सांगितली, वाळवंट सांगितलं. ती म्हणाली, "नदीपलीकडचा काठ दिसतो?" म्हटलं, दिसतो. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तिथून परत येता येतं."

मंडळी, आम्ही अडतीस वेळा चंद्रभागा पाहिली. हे आमच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

बुधवारी बायकांचं भजन, शनिवारी पोरांची शाळा, रविवारी प्रसाद. रविवारी केळीच्या पानावर भात आणि सात भाज्या. पंगतीला मराठी असतात तसे तमिळ, बिहारी शेजारीही असतात. वाढताना "माउली, भात?" म्हणायची सवय आम्ही तिथं लावली, ती तेवढी टिकली आहे.

पण खरं सांगायचं ते गुरुवारचं.

गुरुवारी पुरुषांचं भजन. तिथं एक बुवा होते, पंचाहत्तरीचे. उसाच्या मळ्यात आयुष्य गेलेलं. पाच-सहा जण त्यांच्या मागं म्हणायचे. चाल आपल्याला ओळखू येणार नाही अशी. ताल मधेच लांबायचा. आणि शब्द झिजलेले. काही ठिकाणी तर शब्दाचा अर्थच उरला नव्हता, नुसता नाद राहिला होता. पोरांच्या हातात रोमन अक्षरात लिहिलेले कागद.

आम्ही शिकवायला गेलेलो ना! मास्तरांनी पहिल्याच महिन्यात फळा आणला. शुद्ध शब्द लिहिला, खाली अर्थ लिहिला. बुवांना सगळ्यांसमोर थांबवलं आणि म्हणाले, "बुवा, हे असं नाही, असं आहे." बुवांनी मान हलवली. पुढच्या ओळीला पुन्हा थांबवलं. त्या रात्री सात वेळा थांबवलं. मास्तरीणबाई दारात बसून मोजत होत्या.

पुढच्या गुरुवारी बुवा आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी कुणीच आलं नाही. आम्ही दोघंच टाळ घेऊन बसलो. मास्तर म्हणाले, "लोकांना शिस्त नको असते." त्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या ते इथं तसंच लिहा असं त्यांचं म्हणणं आहे : "तुम्ही वर्ग घेतलात. भजन कुठं केलंत?"

त्या रात्री झोप लागली नाही. मग नामदेवराय आठवले. नामदेव महाराज पंजाबात गेले, घुमान गावी राहिले. त्यांची एकसष्ट पदं आज शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. ती तिकडच्या बोलीतली आहेत. आपल्या अभंगांची भाषा तिथल्या लोकांच्या तोंडी बसवायचा हट्ट त्यांनी धरला नाही. लोकांच्या तोंडात जी भाषा होती तिच्यात देव सांगितला. आणि आम्ही निघालो होतो शंभर-सव्वाशे वर्षं राखलेलं एका फळ्यावर पुसायला.

सकाळी बुवांच्या घरी गेलो. बुवा परसात भाजीला पाणी घालत होते. मास्तरांनी वाकून पाय धरले. बुवांनीही वाकून मास्तरांचे धरले. आपल्यात ही रीत आहेच, लहानमोठा बघत नाहीत. त्यांच्याकडंही ती रीत टिकलीय हे आम्हाला माहीतच नव्हतं. दोघांचे गुडघे धड नाहीत, उठता येईना. शेवटी मास्तरीणबाईंनी दोघांना उठवलं.

नात मधे बसून सांगत होती. बुवा म्हणाले, "माझ्या बापानं मला शिकवलं. बापाला त्याच्या बापानं. दिवसभर ऊस तोडायचा आणि रात्री म्हणायचं. पुस्तक कुणाकडं नव्हतं, असतं तरी वाचता येत नव्हतं. वाटेत जे गळलं ते गळलं. उरलं ते मी सांभाळलं. आता तुम्ही सांगता हे चूक आहे. मग मी आयुष्यभर काय सांभाळलं?"

याला उत्तर आमच्याकडं नव्हतं. मास्तर एवढंच म्हणाले, "बुवा, मला ती चाल शिकवा."

पुढं आम्ही दीड महिना ती चाल शिकलो. सोपी नव्हती. लांबवायची जागा मास्तरांना अजूनही नीट जमत नाही. पण एक झालं. आम्ही त्यांच्याकडून शिकायला लागल्यावर एका गुरुवारी बुवांनीच विचारलं, "त्या फळ्यावर लिहिलेल्या शब्दाचा अर्थ काय होता?" अर्थ सांगितला. ते दुसऱ्यांना म्हणाले, "ऐका, आपण काय म्हणत होतो ते आज कळलं." तेव्हापासून दोन्ही चाललं. चाल त्यांची, अर्थ बसून सांगायचा, आणि शब्द ज्याला बदलावासा वाटेल त्यानं बदलायचा.

जानेवारी २०२४ मध्ये, ऐन संक्रांतीच्या दिवशी बेलाल नावाचं वादळ आलं. पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. आम्ही देवळामागच्या खोलीत विठ्ठलाचं नाव घेत बसलो होतो. वादळ चढायच्या आधी बुवांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि आम्हाला घरी घेऊन गेला. तिळगूळ तिथंच वाटला.

मार्चमध्ये महाशिवरात्र. तिथं गंगा तलाव नावाचं तळं आहे, शेजारी १०८ फुटी शंकराची मूर्ती. साऱ्या बेटावरून माणसं पांढरे कपडे घालून पायी निघतात, खांद्यावर सजवलेली कावड. वाटेत लोक सरबत देतात, जेवण देतात, पाय चेपतात. आम्ही त्यांच्याबरोबर चाललो. घाट चढताना मास्तरीणबाई म्हणाल्या, "दिवे घाटात आल्यासारखं वाटतं." चालणाऱ्या माणसाला कुठल्याही देशात पाणी मिळतं, हे तिथं कळलं.

मग आषाढ आला. तिथं आषाढात थंडी असते. पाऊस नाही, चिखल नाही, उसाला तुरे येऊन गेलेले आणि तोडणी सुरू झालेली. पालखी आळंदीहून निघाली त्या दिवशी आम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी बोललो नाही. संध्याकाळी मास्तरांनी देवळाच्या भिंतीवर खडूनं वाट काढली. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, तरडगाव, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी, पंढरपूर. पोरांनी कागदाची पताका केली आणि रोज पुढं सरकवायला लागली. "आज पालखी कुठं?" हे विचारायला क्रेओल बोलणारी पोरं रोज येऊ लागली. १७ जुलैला एकादशी. त्या दिवशी आम्ही साठ-सत्तर जण उसातल्या वाटेनं दिंडी घेऊन निघालो. ऊस तोडणारी माणसं कोयते खाली ठेवून बाजूला उभी राहिली. त्या म्हातारीनं ओट्यावरून हात जोडले. वारी चुकल्याचं दुःख गेलं असं म्हणणार नाही. पण त्याला जोडीदार मिळाला.

आता शेवटचं, आणि हे सांगायला आम्हाला जड जातं.

२०२५ च्या जूनमध्ये, पालखी निघायला चार दिवस राहिले असताना गावाहून फोन आला. थोरले आप्पा गेले. आपल्या दिंडीचा वीणा तीस वर्षं त्यांच्या गळ्यात होता, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मास्तरांचे ते सख्खे भाऊ. विमान मिळून, घरी पोचून तोंड बघणं होणार नव्हतं. माती थांबत नाही. तुम्ही भजनात त्यांना पोचवलंत, ते आम्ही फोनवर ऐकलं.

आम्हाला सुतक लागलं. दहा दिवस देवाला हात लावायचा नाही. आम्ही सेवेला गेलेलो, आणि देव आता कोण बघणार? त्या संध्याकाळी बुवा आले. मागं अकरा माणसं. काही बोलले नाहीत. खोलीबाहेर अंगणात सतरंजी टाकून बसले आणि त्यांनी भजन सुरू केलं. तीच चाल, मधेच लांबणारी. जी आम्ही पहिल्या महिन्यात सात वेळा थांबवली होती.

दहाही रात्री ते आले. आणि दहाही पहाटे काकड्याला बुवांची नात उठली. ही पोरगी सुट्टीच्या दिवशी सातच्या आधी कधी उठली नव्हती. आम्ही खोलीच्या दारात बसून ऐकायचो. पहिल्या दिवशी दोन जागी चुकली. मास्तरांचे ओठ हलले. पण ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिची ती बरोबर झाली.

मंडळी, आपण म्हणतो सेवेला गेलो. आम्हीही तसंच म्हणत गेलो होतो. दोन वर्षांत खरी सेवा कुणी कुणाची केली याचा हिशेब आम्ही मांडायला बसलो, तर आमच्याकडंच देणं निघतं.

नोव्हेंबरात परत आलो. निघताना त्या म्हातारीनं एक पुडी दिली. तिच्या परसातल्या तुळशीचं बी. ते आम्ही कार्तिकी झाल्यावर चंद्रभागेच्या काठी थोडं टाकलं आणि थोडं आपल्या देवळाच्या वृंदावनात. उगवलंय. उद्या बघून जा.

शताब्दीच्या निमित्तानं दोन गोष्टी दिंडीपुढं ठेवतो आणि बसतो.

एक. येत्या आषाढीला बुवांची नात आणि तिचे वडील आपल्या दिंडीत चालायला येणार आहेत. बुवा येणार नाहीत, त्यांना आता चालवत नाही. ती दोघं म्हणतील ती चाल तुम्हाला वेगळी वाटेल. पहिल्या दिवशी कुणी थांबवू नका. तरडगावच्या मुक्कामाला एक अभंग त्यांच्याकडं द्या, आणि मागं आपण सगळ्यांनी म्हणायचं. लांबवायची जागा आली की मास्तरांकडं बघा. जमेल तसं दाखवतील.

दोन. आपल्या दिंडीतल्या जुन्या माणसांना ज्या चाली येतात त्या या वर्षात पोरांनी मोबाईलवर भरून घ्याव्यात. आप्पांच्या तीन चाली त्यांच्याबरोबर गेल्या. सोमवारच्या फोनवर आम्ही त्या ऐकायचो आणि कधी भरून घेतल्या नाहीत. मास्तर असूनही हे सुचलं नाही. समुद्रापलीकडं न वाचता येणाऱ्या माणसांनी सव्वाशे वर्षं सांभाळलं. आपल्या हातात सगळं असून आपल्याकडून गळायला नको.

रात्र झाली आहे. पहाटे काकडा आहे, आणि उद्या एकादशी. चुकलंमाकलं पोटात घाला.

रामकृष्ण हरी!